नऊ नंबरचं घर

माझे वडील तलाठी होते. पुण्यात कॉलेजला असताना हे मी शक्यतो सांगत नसे. मित्रांचे वडील डॉक्टर नाहीतर प्रोफेसर, तेव्हा 'महसूल खात्यात आहेत' एवढ्यावर भागवायचो. पुढे नोकरीने मला इंग्लंडात, लंडनजवळच्या रीडिंग गावी नेलं आणि जिथे तलाठी म्हणजे काय हे कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं, तिथे मी अण्णांचा टेंभा मिरवायला लागलो. जमिनीचे कागद आमच्या रक्तात आहेत, असं मी लोकांना सांगायचो. प्रत्यक्षात मला एवढंच आठवत होतं, की अण्णा चुकलेली नोंद कधी खरडून काढत नसत. तिच्यावर एक सरळ रेघ, खाली बरोबर नोंद आणि सही. "चूक वाचता आली पाहिजे," असं म्हणत. आणि ज्याच्या नावात चूक झाली त्याच्या घरी स्वतः चालत जाऊन सांगून येत.

एवढं आठवत असूनही मी जे केलं, त्याची मला आजही लाज वाटते.

रीडिंगला आमच्या भिंतीला भिंत लागून एक ऐंशीकडे झुकलेल्या बाई एकट्या राहत. मी आणि बायको आपापसात त्यांना आजी म्हणायचो. कोणत्या आठवड्यात कचऱ्याचा कोणता बिन बाहेर ठेवायचा हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. आम्ही ऑफिसात असताना आमची पार्सलंही त्याच घेत आणि संध्याकाळी दारात आणून देताना त्यावर काहीतरी टिप्पणी करत. जन्म इंग्लंडातला, बोलणं इंग्लंडातलं, पण वडील तरुणपणी आयर्लंडहून रेल्वेच्या रुळांवर काम करायला आलेले. त्यांचा टोपीतला फोटो आजींच्या शेकोटीवरच्या फळीवर, मँटलपीसवर होता.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. एका शनिवारी आजींनी आम्हाला चहाला बोलावलं आणि एक झेरॉक्स माझ्यापुढे ठेवला. चर्चमधल्या कुणीतरी तो मिळवून दिला होता. आयर्लंडमध्ये दीडेकशे वर्षांपूर्वी गावोगावच्या जमिनीची आकारणी झाली, तिची ही छापील यादी. तिथली जुनी जनगणना आगीत गेली, म्हणून पूर्वज शोधणारे लोक जमिनीच्या कागदांना धरतात, असं आजींनी सांगितलं.

मी कागद बघितला आणि माझी कळी खुलली. नकाशातला नंबर, कसणाऱ्याचं नाव, मालकाचं नाव, क्षेत्र, आकार. परदेशी भाषेतला सातबाराच की हा! वडिलांच्या वाडीत नऊ नंबरपुढे आजींच्या पणजोबांचं नाव होतं.

"यांच्यानंतर काय झालं ते मला हवंय," आजी म्हणाल्या. "आमच्या घरात एकच गोष्ट सांगितली जायची. माझ्या पणजीला जमीनदाराने घराबाहेर काढलं. ती उठेना, म्हणून खुर्चीसकट उचलून रस्त्यावर ठेवली. आणि शेजाऱ्याने ती जमीन घेतली. त्यामुळे माझे वडील पुन्हा कधी तिकडे गेले नाहीत. मरताना मला म्हणाले, तू जा, त्या जागेवर एकदा उभी राहा. मी अजून गेले नाही. कुठे उभं राहायचं तेच माहीत नाही."

चर्चचा एक गट ईस्टरनंतर बोटीने तिकडे जाणार होता आणि आजींनी त्यात नाव दिलं होतं. त्यांना फक्त ती जागा हवी होती.

"तुम्ही काळजीच सोडा," मी म्हटलं. "माझे वडील आयुष्यभर हेच करत होते."

पणजीचं नावही त्यांनी मला सांगितलं होतं. ते मी लिहून घेतलं नाही. सातबाऱ्यावर बायकांची नावं कुठे असतात, इतर हक्कांच्या रकान्यात. मालक म्हणून बापानंतर मुलगा. हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं, की पुढचं काही ऐकण्याची गरजच वाटली नाही.

छापील यादीनंतरच्या हाताने लिहिलेल्या वह्यांची मायक्रोफिल्म लंडनमधल्या पूर्वज शोधणाऱ्यांच्या एका केंद्रात मागवता येत असे. दर काही वर्षांनी अधिकारी वाडीत जायचा, जुनं नाव खोडायचा, वर नवं लिहायचा. म्हणजे आपले फेरफारच. दरवेळी शाई वेगळ्या रंगाची असायची, म्हणजे कोणता बदल कधीचा ते कळावं. पण फिल्म होती काळी-पांढरी. तिच्यात सगळ्या शाया एकाच करड्या रंगाच्या दिसत. केंद्रातल्या बाईंनी मला तेवढं बजावून सांगितलं, की शंका वाटली तर डब्लिनहून रंगीत प्रती मागवा. मी मान डोलावली. मला शंका कशाला वाटेल?

नंबरांचा रकाना खाडाखोडीने भरलेला होता. त्यातून मी नऊ शोधला. नऊवर आजींचंच आडनाव होतं. पहिलं नाव निराळं, पण पणजोबा गेले असतील, मुलाची वारसनोंद झाली असेल, हे उघड होतं. पुढच्या पानावर चार नंबरची नोंद खोडलेली. चार नंबर नऊमध्ये जोडलेला, आणि घराच्या रकान्यात शेरा, घर पाडलं. चारवर एका खोडलेल्या, न लागणाऱ्या नावाच्या वर कुणा बाईचं नाव होतं, आडनाव तेच. अशा वाड्यांत अर्ध्या घरांचं आडनाव एक असतं हे मी वाचलं होतं, तेव्हा मी त्या बाईवरून पुढे गेलो. पॅडिंग्टनहून परतीच्या ट्रेनमध्ये मी स्वतःवर इतका खूश होतो, की शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगावंसं वाटत होतं.

हे आजींना एकट्या असताना सांगता आलं असतं. पण मला प्रेक्षक हवे होते. दुसऱ्या दिवशी रविवारच्या प्रार्थनेनंतर त्यांच्याकडे चर्चमधल्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. मी बायकोला घेऊन गेलो, टेबलावर कागद पसरले आणि तास-दीड तास शहाणपणा पाजळला. शेवटी म्हटलं, "तुमची घरची गोष्ट बरोबर आहे, फक्त उलटी आहे. तुमच्या लोकांना कुणी बाहेर काढलं नाही. बाहेर काढलेल्या बाईची जमीन तुमच्या लोकांनी घेतली. म्हणजे तुम्ही जिंकलेल्या बाजूच्या!"

आणि मी हसलो. ते हसणं आठवलं की अजूनही कानशिलं तापतात.

कुणीच हसलं नाही. त्या मैत्रिणींपैकी एक म्हणाली, की अशी बाहेर काढलेल्यांची जमीन घेणाऱ्यांशी तिच्या आजोळच्या गावात कुणी बोलत नसे, दुकानदार मीठसुद्धा देत नसे. आजींनी अर्धे भरलेले कप गोळा केले आणि आत नेले. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मला थँक यू म्हटलं. नीट, सभ्यपणे.

घरात पाऊल ठेवताच बायको म्हणाली, "अरे, त्यांचा चेहरा बघितलास का? यू जस्ट टोल्ड हर, की तिची फॅमिली चोर होती. इन फ्रंट ऑफ हर फ्रेंड्स!"

"मी काय करू? रेकॉर्डमध्ये जे आहे ते आहे."

"रेकॉर्ड तू वाचलंस ना? मग आर यू शुअर?"

"हंड्रेड परसेंट."

त्या आठवड्यात आजींनी प्रवासाच्या यादीतून नाव काढून घेतलं. मँटलपीसवरचा वडिलांचा फोटोही दिसेनासा झाला. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमचे वडील आयुष्यभर खोटं बोलले, की त्यांनाही कुणी खोटं सांगितलं होतं, तेच कळत नाही मला." मी काहीतरी समजुतीचं बोललो. खरं तर मला थोडा रागच आला होता. एवढी मेहनत घेऊन सत्य शोधून द्यावं, आणि त्याचं काही कौतुकच नाही!

उन्हाळ्यात एक दिवस आजींनी कुंपणावरून हाक मारली. चेहरा फुललेला. मला आत बसवून त्यांनी हातात एक पत्र दिलं आणि म्हणाल्या, "तू मोठ्याने वाच. हे तुझ्यामुळे झालंय."

त्यांनी कुणालाही न सांगता त्या वाडीच्या चर्चमधल्या पाद्रींना पत्र पाठवलं होतं. आमच्या पूर्वजांनी एका बाईची जमीन घेतली, तिच्या वंशातलं कुणी हयात असेल तर मला क्षमा मागायची आहे, असं. पाद्रींनी ते वाडीतल्या त्या आडनावाच्या एकमेव उरलेल्या माणसाकडे दिलं, आणि उत्तर त्याचं आलं होतं. तोही ऐंशीच्या घरातला. अक्षर वळणदार. त्याने लिहिलं होतं, की आमच्या घराने पूर्वी बरंच सोसलं असं आम्हीही ऐकत आलो, पण तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही. तुम्ही या. आमचं जुनं घर अजून उभं आहे, पणजोबांनी बांधलेल्या त्याच चुलीपाशी बसून चहा पिऊ.

मी वाचत होतो आणि वाचता वाचता अडखळलो. ज्यांना बाहेर काढलं त्यांचं घर तर पाडलं होतं. मग या गृहस्थाचं पणजोबांपासूनचं घर उभं कसं?

"काय झालं?" आजींनी विचारलं.

"काही नाही, अक्षर लागलं नाही," मी म्हटलं आणि पुढचं वाचून काढलं.

रविवारी अण्णांना फोन केला. मी परक्या देशातले फेरफार वाचतोय हे त्यांना आधीच कळवलं होतं आणि त्यांनी ते सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. मी सहज बोलल्यासारखं सगळं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मधे नंबर बदलले नव्हते ना रे? आपल्याकडे एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा किती जण जुना नंबर धरून दुसऱ्याच्याच शेतात उभे राहिले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ आधी घातलास ना?"

मेळ मी घातलाच नव्हता.

"हो अण्णा, घातला," मी म्हटलं.

"शाब्बास," अण्णा म्हणाले. त्या शाब्बासने मला जितकं कानकोंडं केलं, तितकं त्यांच्या मारानेही कधी केलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी डब्लिनला रंगीत प्रतींसाठी लिहिलं. त्या यायला बरेच आठवडे लागले. तोवर आजींचं जायचं ठरलं होतं. सप्टेंबरात, आपली आपण, बोटीने. वडिलांचा फोटो परत मँटलपीसवर आला होता. शेजारी ते पत्र, फ्रेम करून.

आजी निघायच्या आठ दिवस आधी पाकीट आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच उघडलं. रंगात सगळं इतकं स्वच्छ दिसत होतं, की आंधळ्यालाही कळावं. काळ्या शाईतले मूळ नंबर लाल शाईने खोडलेले आणि बाजूला लाल शाईतच नवे नंबर. आधी नदीकडून मोजलेली वाडी नंतर रस्त्याकडून मोजली होती. जुना नऊ म्हणजे नवा चार. आणि नव्या चारवर पणजोबांच्या नावावर लाल रेघ मारून त्यांच्या विधवेचं नाव लिहिलेलं. मग निळ्या शाईत तेही खोडलेलं. घर पाडलं. नव्या नऊमध्ये सामील.

आजींनी पहिल्या दिवशी मला सांगितलेलं नाव हेच होतं की नाही, तेही मला नक्की आठवेना. बायकोला आठवत होतं. हेच होतं.

म्हणजे आजींच्या घरची गोष्ट शब्दन् शब्द खरी होती. खुर्चीसकट उचलून ठेवलेली ती बाई, जिच्यावरून मी पुढे गेलो होतो, तीच त्यांची पणजी. आणि ज्याने आजींना मोठ्या मनाने क्षमा केली होती, तो जमीन घेणाऱ्याचा पणतू. तो खोटं लिहीत होता असं मला वाटत नाही. त्याच्यापर्यंतही गोष्ट फिरून आली असेल. घेतलेलं विसरायला दोन पिढ्या पुरत असाव्यात.

"आत्ताच्या आत्ता जा आणि सांग," बायको म्हणाली.

"आता त्या किती खूश आहेत. कशाला..."

"त्यांचं नको सांगूस मला. तुला एक्स्पर्ट म्हणून राहायचंय, बस्स. शी विल गो देअर अँड से सॉरी. त्यांना, ज्यांनी हिचं घेतलं! आणि तू इथे चहा पीत बसणार?"

मी पाकीट कोटाच्या आतल्या खिशात घातलं आणि शेजारची बेल वाजवली. आजींनी दार उघडलं ते नवा निळा कोट घालून. प्रवासासाठी घेतलेला, बटणं अजून कडक. "बरं झालं आलास," म्हणाल्या. "कॉलर मागून नीट बसते का बघ. मला आरशात दिसत नाही."

त्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. माझा हात खिशात होता, पाकिटावर. तोंडात वाक्यही जुळलेलं होतं, माझी चूक झाली, एवढंच तर म्हणायचं होतं. अण्णा ते उन्हातून चार मैल चालत जाऊन म्हणत. मला भिंतीपलीकडे जाऊन म्हणता आलं नाही. त्यांना दुखवायची भीती वगैरे सगळं नंतर मनाला घातलेलं पांघरूण. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं, की त्या वळतील आणि त्यांच्या नजरेत मी अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला मूर्ख ठरेन.

"छान बसते," मी म्हटलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, सांगितलंस? मी कोटातून पाकीट काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि नंतर बोलली तेव्हा या विषयावर बोलली नाही. ती स्वतः का गेली नाही, हे मी तिला पुढे कधीतरी विचारलं. म्हणाली, चूक तुझी होती, मी वाट बघत होते.

आजी ठरल्याप्रमाणे गेल्या आणि पाच दिवसांनी परत आल्या, तिकडचा सोडा ब्रेड आणि फोटोंचं पाकीट घेऊन. त्या गृहस्थाने बंदरावर गाडी घेऊन यायचा आग्रह केला होता. त्याच्या सुनेने जेवायला घातलं. आणि त्या चुलीपाशी आजींनी, दुखऱ्या गुडघ्यांनी, सगळ्यांच्या देखत गुडघे टेकून क्षमा मागितली होती. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या. त्याने त्यांना दोन्ही हातांनी धरून उठवलं.

"आता वडिलांना सांगायला तोंड आहे मला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी फोटो दाखवले. एकात त्या निळा कोट घालून वाटेवर उभ्या होत्या, समोरच्या घराकडे तोंड करून, हसऱ्या. पाठीमागे, हातभर अंतरावर, दगडांचा एक ढीग. त्यात खाजरी झुडपं माजलेली आणि अर्धी उभी राहिलेली एक चुलीची भिंत.

"हे मागे काय आहे?" मी विचारलं. मला माहीत होतं. नकाशा मला पाठ झाला होता.

"ते होय? काही नाही, जुनं पडकं काहीतरी. पूर्वी वासरं बांधायचे तिथे म्हणे."

ज्या जागेवर उभं राहायला म्हणून वडिलांनी पाठवलं, त्याच जागेवर त्या उभ्या होत्या, तिच्याकडे पाठ करून. तेव्हासुद्धा वेळ गेली नव्हती. बोट ठेवून दाखवायचं, एवढंच होतं.

"फोटो छान आलाय," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला परतलो. दर ख्रिसमसला आजींचं कार्ड यायचं, एका वर्षी ते त्यांच्या भाचीकडून आलं. आजी झोपेतच गेल्या होत्या. आजींच्या इच्छेप्रमाणे फ्युनरलमध्ये ते क्षमेचं पत्र वाचून दाखवलं, असं भाचीने लिहिलं होतं. आणि हे सगळं तुम्ही शोधून दिलंत म्हणून आंटीने तुमच्यासाठी हे ठेवलंय, असं म्हणून सोबत तोच फोटो पाठवला होता. मागे आजींच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ होती, 'आम्ही ज्यांचं घेतलं, त्यांच्या घरापुढे मी.'

अण्णाही त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. ते कधीतरी विचारतील, या भीतीतून मी सुटलो होतो, आणि सुटलो असं वाटलं याचीही लाज वाटली.

एकदा मी तो फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि पट्टी घेऊन आजींच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली. ओळ वाचता येईल अशी. खाली लिहिलं, 'आमचं ज्यांनी घेतलं, त्यांच्या घरापुढे मी. माझं घर माझ्या पाठीशी.' आणि त्याखाली पणजीचं नाव लिहिलं, रंगीत प्रतीवरून बघून.

त्याच्या खाली दुरुस्ती करणाऱ्याची सही लागते. ती मी अजून केलेली नाही.